दयेवर गळ टाकणारं भूत

रानातून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येतं. वाटसरू थबकतो, झाडीत शिरतो, बाळाला उचलून छातीशी धरतो. त्याच क्षणी त्या बाळाला नखं आणि सुळे फुटतात. फिलिपिन्सच्या लोककथांतला हा तियानाक. बाप्तिस्म्याआधीच दगावलेलं मूल असं परत येतं, असं तिथे मानतात. बहुतेक भुतं माणसाच्या लोभावर किंवा वासनेवर टपून बसतात. हे माणसाच्या दयेवरच गळ टाकतं. याहून क्रूर कल्पना माझ्या वाचनात नाही.

फिलिपिनो लेखक एडगर कालाबिया सामार यांनी २०१४ साली ही कल्पना एका किशोर कादंबरीत आणली: 'जानुस सिलांग आत आंग तियानाक नांग ताबोन'. भाषा फिलिपिनो. जानुस 'ताला' नावाच्या ऑनलाइन खेळात बुडालेला मुलगा. या खेळात तियानाकला मारायचं असतं. बालांगा गावात स्पर्धा भरते आणि जानुस सोडून खेळणारी सगळी मुलं मरतात. मग देशभरातल्या कॉम्प्युटर शॉपमध्ये एकामागून एक मुलं मरू लागतात. सामारांनी भुताला रानातून उठवून थेट तिथे नेलं, जिथे आजची मुलं मोठ्यांच्या नजरेआड जमतात. मला ही कादंबरी मोठी वाटते ती यासाठी. त्या वयातली भीती सांगायची कुणाला, हा प्रश्न भुताइतकाच जीवघेणा असतो.

भुताखेतांच्या गोष्टी म्हणजे पोरखेळ, असं म्हणणाऱ्या समीक्षकांनी फिलिपिन्सचा इतिहास पाहावा. १९५० च्या दशकात हुक बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेत अमेरिकी अधिकारी एडवर्ड लॅन्सडेल सल्लागार होते. बंडखोरांचा तळ असलेल्या टेकडीवर रक्तपिपासू आस्वांग वावरतो, अशी अफवा आधी पसरवली गेली. मग त्यांच्या गस्तीच्या तुकडीतला शेवटचा माणूस पकडून त्याच्या मानेला दोन भोकं पाडली, रक्त निथळवलं आणि प्रेत वाटेवर ठेवलं. बंडखोरांनी ती टेकडी सोडली. हे लॅन्सडेल यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. लोकांच्या मनातली भीती सत्तेला नेमकी कळते. समीक्षकांनीच तिच्याकडे पाठ का फिरवावी?

फिलिपिन्सबाहेर सामार फारसे कुणाला माहीत नाहीत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला मात्र ते परके वाटणार नाहीत. एखाद्या मराठी प्रकाशकाने ही कादंबरी मूळ फिलिपिनोतून मराठीत आणावी आणि कुमारवयीन मुलांच्या हाती द्यावी.