चुलीचे ऋण

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा विजेच्या शेगडीवर विसंबलेल्या घरांत स्वयंपाक कशावर करावा, या अडचणीमागे एक जुना धर्मप्रश्नही उभा होता. मनुस्मृती चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा यांना ‘पंचसूना’, म्हणजे गृहस्थाकडून नकळत जीवहिंसा घडविणारी पाच स्थाने, मानते आणि त्या दोषाच्या परिमार्जनासाठी पंचमहायज्ञ, म्हणजे ऋषी, पितर, देव, प्राणिमात्र व माणसे यांच्याविषयीची नित्य कर्तव्ये, सांगते. विजेच्या शेगडीत ज्वाला दिसत नाही म्हणून हा दोष संपत नाही, तो केवळ दूर सरकतो. कारण उपनगरांना वीज पुरविणाऱ्या डहाणूच्या ५०० मेगावॉट औष्णिक केंद्रात कोळसाच जळतो. मनोरीसारख्या, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीच्या किनारी गावाला या प्रश्नाची दुसरी बाजूही जवळची वाटावी: योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात, रात्रभर जाळ्यात काहीच न लागलेल्या शिष्यांसाठी पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर कोळशांच्या विस्तवावर मासळी ठेवतो आणि त्यांना न्याहारीला बोलावतो. एका परंपरेत विस्तव ऋण निर्माण करतो, दुसरीत तो दान ठरतो, तरी दोन्हींची मागणी एकच आहे. वीज नसताना ज्याच्या घरी चूल पेटते, त्याने शेजाऱ्याचे भांडेही तीवर चढविले पाहिजे.