राज्यांचे हक्क आणि पक्षांची सोय

राज्याची स्वायत्तता हे स्वतंत्र मूल्य आहे की केंद्रात हरलेल्या पक्षाने शोधलेला आसरा, हा प्रश्न अमेरिकेच्या संघराज्याला जन्मापासून चिकटलेला आहे. १७९१च्या दहाव्या घटनादुरुस्तीने संघ सरकारला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राखून ठेवले. सीमारेषा नेमकी कुठे, हे मात्र सांगितले नाही.

जेम्स मॅडिसनचा १७८७मधला युक्तिवाद असा होता की, प्रजासत्ताक विस्तीर्ण असेल तर त्यात इतके वेगवेगळे हितसंबंध असतील की एकाच गटाला सगळीकडे बहुमत जमवणे अवघड जाईल. शिवाय राज्ये आणि संघ एकमेकांना आवर घालतील. या हिशेबात देशव्यापी पक्ष नव्हते. गव्हर्नर आणि राष्ट्राध्यक्ष एकाच पक्षाचे झाले की आवर घालण्याची हौस ओसरते. विरुद्ध पक्षांचे असले की तीच हौस नको तितकी वाढते.

याचा प्रत्यय लवकरच आला. १७९८मध्ये फेडरलिस्ट पक्षाच्या सरकारने आपल्यावरील टीका गुन्हा ठरवणारा कायदा केला, तेव्हा जेफरसन आणि मॅडिसन यांनी केंटकी व व्हर्जिनियाच्या विधिमंडळांसाठी निषेधाचे ठराव लिहिले. पुढे जेफरसन अध्यक्ष झाला. १८०३मध्ये त्याने लुइझियाना विकत घेतला आणि १८०७मध्ये परदेशी व्यापारच बंद केला. आता राज्यांच्या हक्कांची आठवण होण्याची पाळी न्यू इंग्लंडमधल्या फेडरलिस्टांची होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे.

सगळ्यांत बोलके उदाहरण विस्कॉन्सिनचे आहे. १८५०च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्यात पकडलेल्या माणसाची साक्षच ग्राह्य नव्हती, ज्यूरी नव्हती. आणि त्याला मालकाकडे परत पाठवले तर निवाडा करणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर, सोडले तर ५ डॉलर मिळत. मिसूरीतून पळून आलेला जोशुआ ग्लोव्हर मार्च १८५४मध्ये रेसीनजवळ पकडला गेला. त्याला मिलवॉकीच्या तुरुंगात डांबले, तेव्हा जमावाने दार फोडून त्याला सोडवले. तो कॅनडात पोहोचला. जमाव गोळा करणारा संपादक शर्मन बूथ याच्यावर खटला झाला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो संघीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९मध्ये संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने फिरवला. त्यावर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने केंटकीच्या जुन्या ठरावांची भाषा उसनी घेऊन निषेध नोंदवला. पुढच्याच वर्षी साउथ कॅरोलायना संघातून फुटली. तिच्या जाहीरनाम्यातली एक मुख्य तक्रार काय होती? उत्तरेची राज्ये संघाचा कायदा पाळत नाहीत! राज्यांच्या हक्कांची म्हणवणारी बाजू संघाच्या बडग्यावर अवलंबून होती, हे विसरून चालत नाही.

यावरून तत्त्व म्हणजे निव्वळ बहाणा, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो अपुरा आहे. १९९७च्या प्रिंट्झ खटल्यात दोन शेरीफांनी संघाच्या कायद्याने त्यांच्यावर लादलेल्या बंदूकखरेदीदारांच्या तपासणीला आव्हान दिले. संघ आपला कायदा राबवण्यासाठी राज्यांचे अधिकारी राबवून घेऊ शकत नाही, असा निकाल लागला आणि उजव्या बाजूला आनंद झाला. दोन दशकांनी कॅलिफोर्नियाने स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या संघीय यंत्रणेला मदत नाकारताना याच नियमाचा आधार घेतला आणि तो टिकला. नियम कोणत्या हेतूने मिळवला हे गौण ठरते. पुढे तो विरोधकालाही वापरता येतो, यात त्याचे मोल आहे. मात्र मदत नाकारणे वेगळे आणि विस्कॉन्सिनसारखा संघाचा कायदा रद्दबातल ठरवणे वेगळे.

अधिकारवाटपाला एका प्रश्नाचे उत्तर देता येत नाही : माणसाचा मूलभूत हक्क राज्याची हद्द ओलांडताच बदलू शकतो का? १८५८मध्ये लिंकनशी झालेल्या वादसभांत स्टीफन डग्लस म्हणत होता की गुलामी हवी की नको हे त्या त्या प्रदेशाने ठरवावे. लिंकनचे म्हणणे असे की जे मुळात अन्याय्य आहे त्यावर मतदान घेऊन ते न्याय्य होत नाही. २०२२च्या डॉब्ज निकालाने गर्भपाताचा प्रश्न राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवला, तेव्हा हा पेच पुन्हा उभा राहिला. फरक इतकाच, की इथे अन्याय नेमका कोणावर होतो यावरच दोन्ही बाजूंचे एकमत नाही. दोघींनाही लिंकनचा युक्तिवाद आपलाच वाटतो. राज्यांकडे सोपवल्याने भांडण मिटलेही नाही. टेक्सासने बंदी घातली, तर न्यूयॉर्कने आपल्या डॉक्टरांना परराज्यातल्या खटल्यांपासून संरक्षण देणारे कायदे केले. आता वाद राज्य विरुद्ध संघ असा न राहता राज्य विरुद्ध राज्य असा झाला आहे. एका राज्याने दुसऱ्याचे निवाडे मानावेत आणि तिथले आरोपी सोपवावेत, हे सांगणारी कलमे घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात आहेत. पळालेले गुलाम परत करण्याचे कलमही त्याच अनुच्छेदात होते.