आठवीतली निवड नेमकी कोणाची?

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. शेतात पेरणीची घाई असते, पावसाचा भरवसा नसतो, आणि आठवीच्या वर्गात पहिल्या पंधरवड्यात एक प्रश्न फिरतो: पूर्ण हिंदी घेणार की संयुक्त? संयुक्त म्हणजे पन्नास मार्कांचं हिंदी आणि पन्नास मार्कांचं संस्कृत. महाराष्ट्र बोर्डाच्या शाळेत शिकलेल्या अनेकांनी या प्रश्नाचं उत्तर मधल्या सुट्टीत दिलेलं असेल, शेजारच्या बाकावर कोण काय घेतंय ते बघून.

प्रश्न लहान दिसतो. पन्नास मार्कांनी कोणाचं आयुष्य बदलतं? पण शाळेच्या आठ वर्षांत पहिल्यांदाच मोठी माणसं मुलाला सांगत असतात की आता तू ठरव. तोवर गणवेश, पुस्तकं, बाक, वेळापत्रक सगळं ठरलेलं असतं. निवड मिळणं म्हणजे मोकळीक मिळणं, असं आपण धरून चालतो. पण निवडीसोबत आणखी एक गोष्ट मुलाकडे जाते, ती म्हणजे जबाबदारी. उद्या बिनसलं तर ‘तूच घेतलं होतंस’ हे वाक्य तयार असतं. तेरा वर्षांच्या मुलावर हे वाक्य टाकण्याचा अधिकार आपल्याला कधी असतो, हा मला नैतिक प्रश्न वाटतो.

कागदावरचे पर्याय

मी मूळचा बाभुळगावचा. आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. यवतमाळ जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर यांच्यावर चालणारं. अशा गावात विषय निवडायचा म्हणजे आधी शिकवणारा माणूस आहे का ते बघायचं. एका शाळेत संस्कृतचे सर असतात, दुसरीत नसतात. नसतील तर ‘निवड’ शिक्षकांच्या यादीनंच करून टाकलेली असते. चित्रकलेचंही तेच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना मुलं बसतात, पुढे दहावीला त्याचे वाढीव मार्कही मिळतात. पण चित्रकलेचे सर नसलेल्या शाळेतल्या मुलाला ‘तुला आवड नव्हती’ असं म्हणता येणार नाही. आवड कळायला आधी रंग हातात पडावे लागतात.

ही अडचण फक्त खेड्यातली नाही, धोरणातही ती दिसते. १६ एप्रिल २०२५ला राज्य सरकारनं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित आदेश आला: हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा राहील, पण दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर तीही घेता येईल. अट एवढीच की वर्गात किमान २० मुलांनी ती मागायला हवी. २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतले गेले. त्या वादात मुख्य मुद्दा हिंदीचा होता आणि तो महत्त्वाचाच होता. मला मात्र त्या २० या आकड्याजवळ थांबावंसं वाटतं.

शहरातल्या मोठ्या शाळेत, एका वर्गात साठ मुलं असतील तर वीस जण जमतीलही. ज्या जिल्हा परिषद शाळेत अख्ख्या वर्गाचा पट पंधरा आहे, तिथे सगळ्या मुलांनी हात वर केले तरी वीस होत नाहीत. तिथला पर्याय लिहिलेला आहे, दिलेला नाही. शिक्षक नेमायला पैसे लागतात, त्यामुळे संख्येची अट घालणं प्रशासनाला भाग पडतं, हे मान्य. मग तसं स्पष्ट सांगावं. पर्याय दिल्याचं श्रेय घ्यायचं आणि तो न वापरल्याचा भार मुलांवर टाकायचा, हे दोन्ही एकदम करता येत नाही.

‘कल’ नावाची सोय

निवडीचा आपल्याकडचा इतिहास बघितला तर आणखी अवघड गोष्ट दिसते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकताना बाबासाहेब आंबेडकरांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य मुलांना संस्कृत शिकवायला शिक्षकांनी नकार दिला, म्हणून त्यांना पर्शियन घ्यावं लागलं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. शाळेच्या रजिस्टरात एवढंच दिसलं असतं की या विद्यार्थ्यानं पर्शियन घेतलं. नकाराची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या कष्टानं मिळवलं, पण म्हणून त्या वर्गात झालेला अन्याय कमी होत नाही.

मुलींच्या बाबतीत शब्द जरा गोड होते. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा सुरू झाली. मुलींना मुलांसारखाच अभ्यासक्रम कशाला, त्यांना संसाराला उपयोगी पडेल ते शिकवा, अशी टिळकांची भूमिका होती. आगरकरांनी दुसरी बाजू घेतली. त्यांच्या एका निबंधाचं नावच ‘स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे’ असं आहे. त्या वादात ‘मुलींचा स्वभाव’ आणि ‘मुलींचा कल’ हा युक्तिवाद होता. आज आपण तसं बोलत नाही. पण शिवणकामाला मुली आणि वायरिंगला मुलगे अशी वाटणी झाली की ‘त्यांनीच निवडलं’ असं अजूनही सहज म्हणतो.

कल खोटा नसतो. काही मुलांचा हात खरंच चित्रात रमतो, काहींचा आकड्यांत. पण तेराव्या वर्षी जो कल दिसतो, त्यात घराचा, जातीचा, बाई-पुरुषाच्या वाटणीचा आणि गावात काय बघायला मिळालं याचा वाटा किती आणि त्या मुलाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून कलाकडे बघून दार उघडायला हरकत नाही. कलाकडे बघून दार बंद करताना मात्र दहादा विचार करायला हवा.

दयाळूपणाची किंमत

इथे कोणी म्हणेल, मग निवडच नको. दहावीपर्यंत सगळ्यांना सगळं सारखं शिकवा. याला उत्तर म्हणून गणिताचं उदाहरण बघू.

दहावीला गणितात नापास होणारी मुलं खूप. त्यांच्यासाठी आपल्या बोर्डानं ‘सामान्य गणित’ हा पर्याय ठेवला होता. बीजगणित-भूमितीऐवजी सोपं, व्यवहारातलं गणित. हेतू चांगला होता. गणितामुळे शिक्षणच सुटू नये, मुलानं निदान दहावीची पायरी ओलांडावी. अनेकांनी ती ओलांडलीही. पण पुढे गणितावर उभ्या असलेल्या वाटा त्यांच्यासाठी अवघड झाल्या, आणि हे नववीच्या सुरुवातीला फॉर्म भरताना किती मुलांना समजलं असेल? २०१७ साली नववीचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा हा पर्याय काढून टाकण्यात आला. त्यानं एक प्रश्न सुटला आणि जुना प्रश्न परत आला: गणितात अडणाऱ्या मुलाचं काय?

सीबीएसईनं याच अडचणीवर वेगळा उपाय केला. २०२०च्या दहावीच्या परीक्षेपासून त्यांनी गणिताचे ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन स्तर केले. दोन्हींचा अभ्यासक्रम आणि वर्ग एकच. फरक फक्त प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात. ‘बेसिक’ घेऊन पास झालेल्या मुलाला नंतर वाटलं की पुढे गणित घ्यायचंय, तर पुरवणी परीक्षेत ‘स्टँडर्ड’चा पेपर देण्याची सोय ठेवली. व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्ही योजनांच्या रचनेतला फरक मोठा आहे. पहिल्या योजनेत मुलाचं ओझं कमी झालं आणि वाटही बंद झाली. दुसरीत ओझं कमी झालं, पण मागे फिरायला जागा राहिली.

माझी भाची यंदा आठवीत गेली. तिनं फोन करून विचारलं, “मामा, संयुक्त घेऊ का पूर्ण हिंदी?” मी मार्कांचं सांगितलं, संस्कृतात पाठांतर नीट असेल तर मार्क चांगले पडतात हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण नाही जमलं तर बदलता येते का?”

हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटला. आमच्या कामात नवीन कोड सर्व्हरवर टाकण्याआधी टीममधलं कोणीतरी हेच विचारतं: बिघडलं तर मागे कसं यायचं? उत्तर नसेल तर त्या दिवशी कोड पुढे जात नाही. मशीनच्या बाबतीत आम्ही एवढे सावध असतो. मुलांच्या फॉर्मवर मात्र ‘एकदा घेतलेला विषय बदलता येणार नाही’ असा शेरा आपण सहज मारतो, आणि त्यातून मुलांना शिस्त लागते असंही म्हणतो.

भविष्य अनामत ठेवणं

अमेरिकेत अमिश नावाचा एक धार्मिक समाज आहे, शेतीवर आणि साधेपणावर जगणारा. मुलांनी आठवीनंतर शाळेत जाऊ नये, घरचं काम शिकावं, असं त्यांना वाटतं. तिथल्या विस्कॉन्सिन राज्याचा कायदा सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची म्हणत होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७२ साली निकाल पालकांच्या बाजूनं लागला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र अंशतः वेगळं मत नोंदवलं: मुलांना कोणी विचारलं का?

पुढे १९८०मध्ये जोएल फाइनबर्ग या तत्त्वज्ञानं मुलांच्या ‘मोकळ्या भविष्याच्या हक्का’वर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काही हक्क मुलाला आज वापरता येत नाहीत, पण ते त्याचेच असतात. मोठेपणी तो ते वापरील, तोवर ते आपल्याकडे अनामत असतात. अनामत ठेवणाऱ्याचं काम वस्तू सांभाळणं. मालक लहान आहे म्हणून ती परस्पर खर्च करून टाकणं नव्हे.

हे मला पटतं, पण पूर्ण नाही. सगळी दारं कायम उघडी ठेवणं कोणालाच शक्य नसतं. एक गोष्ट मनापासून शिकायची तर दुसरीला वेळ कमी पडणारच. ज्या मुलीला चित्र काढायचंय तिला ‘सगळं थोडं थोडं कर’ म्हणत राहणं हीसुद्धा सक्तीच. म्हणून मला वाटतं, आठवीत निवड द्यावी, पण त्याआधी चव द्यावी आणि त्यानंतर परतीची वाट ठेवावी.

चव देण्याची कल्पना नवीन नाही. १९३७ साली आमच्या शेजारच्या वर्ध्यात गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद झाली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली: हाताचं काम सगळ्यांनाच, निवडीचा प्रश्न नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं हातानं करून बघतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची तरतूद आहे.

पण इथेही एक धोका आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारनं प्राथमिक शाळा निम्म्या वेळेची केली. उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, असं ठरलं. लोक म्हणाले, ही तर जात पुढे चालवायची योजना. प्रचंड विरोध झाला आणि १९५४मध्ये ती रद्द झाली. बाभुळगावात ते दहा दिवस ठेवले आणि कापूस वेचणाऱ्या घरातली मुलगी पुन्हा कापसाच्याच शेतात गेली, तर तिला नवीन काय दिसलं? तिला दवाखान्यात पाठवा, बँकेत पाठवा, मोटर वाइंडिंगच्या दुकानात पाठवा. डॉक्टरांच्या मुलाला शेतात पाठवा. चव म्हणजे जे घरात नाही ते.

संयुक्त आणि पूर्णच्या बाबतीत हे करणं फार अवघड नाही. जिथे संस्कृतचे शिक्षक आहेत तिथे पहिल्या घटक चाचणीपर्यंत सगळ्यांनी दोन्ही शिकावं, मग ठरवावं. दिवाळीनंतर कोणाला बदलायचं असेल तर बदलू द्यावं, मागे पडलेले धडे भरून काढायला शनिवारचा एखादा तास द्यावा. जिथे शिक्षक नाहीत तिथे मुलांपुढे फॉर्म ठेवूच नये. पालकसभेत सरळ सांगावं की आपल्याकडे ही सोय नाही, आणि मागणी वर पाठवावी.

यात त्रास आहे. याद्या पुन्हा कराव्या लागतील, वेळापत्रक जुळवावं लागेल, सरांना दोनदा शिकवावं लागेल, पालकांना दुसरं पुस्तक आणावं लागेल. निवडीचा काहीतरी भार कोणाला तरी उचलावा लागतोच. आज तो सगळा तेरा वर्षांच्या पोरांकडे आहे. त्यातला मोठा वाटा शाळेनं आणि आपण घ्यायला हवा.