सेवेस पदवी कशाला?

आपल्या मंडळाचे एक जुने सभासद गेल्या महिन्यात सायंआरती आटोपल्यावर सभामंडपात आमच्यापाशी येऊन बसले. त्यांच्या कन्येने वाणिज्य शाखेची पदवी चांगल्या रीतीने संपादन केली असून तिला आता समाजकार्य या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे. त्यातही उपजीविका व सामाजिक उद्योजकता ही शाखा तिने निवडली आहे. सद्गृहस्थ खिन्न दिसले. खर्चाची त्यांना विवंचना नव्हती. ते म्हणाले, "परोपकार हा अंतःकरणाचा धर्म. आमच्या आजीने काय पदवी घेऊन माधुकरी वाढली? आणि गरिबांची सेवाच करावयाची तर त्यात नफा, बाजार, भांडवल ही भाषा कशाला? आपण तिला चार शब्द सांगावेत."

आम्ही होकार दिला खरा. परंतु घरी परतताना ध्यानात आले की, ते चार शब्द आमच्यापाशी तयार नाहीत. आमचीच एक जुनी गोष्ट आड येत होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी वर्गणी जमवून पाच गरजू भगिनींना शिवणयंत्रे दिली होती. श्रीफळ दिले, चार भाषणे झाली, छायाचित्रही निघाले. दोन वर्षांनंतर सहज चौकशी केली तेव्हा कळले की, दोन यंत्रे विकली गेली, एक माहेरच्या भावजयीकडे गेले, एक कोपऱ्यात धूळ खात पडले. पाचव्या बाईंनी मात्र आमचा शब्द मनावर घेतला होता. त्यांनी व्याजाने पैसे काढून कापड आणले, लहान मुलींचे झगे शिवले; आणि त्याहून स्वस्त तयार झगे पेठेत ढिगांनी मिळत असल्यामुळे ते घरातच राहिले. कर्ज फेडण्यासाठी त्यांना हातातल्या पाटल्या मोडाव्या लागल्या. कपडे कोण घेणार, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

आमच्या हेतूत खोट नव्हती, हे आजही आम्ही शपथेवर सांगू. तथापि ते कर्ज आमच्या पुण्यकर्माच्या वाटेनेच त्या घरात शिरले, हेही तितकेच खरे. अन्नदानात चूक झाली तर दात्याचे शेरभर तांदूळ वाया जातात. उपजीविकेच्या कामात चूक झाली तर देणाऱ्याचे काहीच जात नाही. ज्याला दिले त्याचे होते नव्हते तेवढे जाते. म्हणून आजीच्या माधुकरीला जे अज्ञान क्षम्य होते, ते येथे क्षम्य नाही, असे आम्हांस वाटू लागले आहे. दुसऱ्याच्या संसाराचा पैसा ज्यात गुंततो, त्या कामात न शिकता हात घालणे हा एक प्रकारचा प्रमादच होय.

हे शिक्षण आपल्या देशात काही कालपरवाचे नव्हे. समाजकार्याचे पहिले विद्यालय 1936 साली मुंबईत निघाले. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. आपल्या बडोद्यात महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय 1949 साली स्थापन झाले व समाजकार्याची विद्याशाखा त्याच्या आरंभकाळापासून आहे. पूर्वी या विषयाचे विद्यार्थी मुख्यतः रुग्णालये, गिरण्या, बालगृहे यांकडे वळत. चरितार्थ हा स्वतंत्र अभ्यासविषय पुढे झाला. मुंबईच्या त्या संस्थेत सामाजिक उद्योजकतेचा पदव्युत्तर वर्ग 2007 साली उघडला. दोन वर्षांच्या अशा अभ्यासात हिशेबनीस, बाजाराची पाहणी, सहकारी संस्था व उत्पादक कंपन्या यांचे कायदे, बचत गटांचा बँकांशी व्यवहार हे शिकवतात. आणि पुस्तकांबरोबरच वस्तीत किंवा खेड्यात जाऊन प्रत्यक्ष काम करावे लागते. मालाची किंमत शेतापासून गिऱ्हाइकापर्यंत पोचताना कोणाच्या हाती किती राहते, हे त्यांना पायपीट करून शोधावे लागते. आमच्या झग्यांचे गणित अशा विद्यार्थ्याने एका दिवसात मांडून दाखवले असते.

नाव नवे असले तरी वस्तू आपल्या घरची आहे, हेही सांगितले पाहिजे. 1889 साली याच बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी गृहस्थांनी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापिली. देशातील सहकारी पतसंस्थांत तिला आद्य मान दिला जातो. सहकारी संस्थांचा पहिला कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1904 साली झाला. सावकाराच्या दारी न जाता सभासदांनी एकमेकांना उभे करावे, ही तिची कल्पना. त्याच मंडळीतून वाढलेली बँक या शतकात डबघाईस येऊन अवसायनात गेली. स्थापकांच्या सद्भावाचा ठेवा शतकाहून अधिक काळ जवळ असूनही तो ठेवीदारांच्या उपयोगी पडला नाही.

शेजारच्या अहमदाबादेत इला भट्ट यांनी 1972 साली टोपलीवाल्या, हातगाडीवाल्या, चिंध्या वेचणाऱ्या स्त्रियांची 'सेवा' ही संघटना उभारली. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या, मजूर संघात वर्षानुवर्षे काम केलेल्या होत्या. तरी 1971 मध्ये त्या तेल अवीव येथे कामगार चळवळ व सहकार यांचे शिक्षण घेण्यास गेल्या. 1974 साली चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. सही करता न येणाऱ्या बाईची ओळख पासबुकावरील छायाचित्राने पटवावी, अशी व्यवस्था केली. त्या दहा रुपयांनी बाई याचक न राहता भागीदार झाली. कळवळा तर होताच. त्याला कायदा, हिशेब आणि संघटनेचे ज्ञान यांची जोड होती.

येथे कोणी म्हणेल, शिकलेल्यांनीच अधिक अनर्थ केले आहेत. हे आम्ही नाकारत नाही. गरिबांस लहान कर्जे देणाऱ्या कंपन्या आंध्र प्रदेशात फोफावल्या, तेव्हा त्या चालवणारे लोक चांगले विद्याविभूषित होते. एकाच घराला तीन-चार ठिकाणची कर्जे, आठवड्याचे हप्ते, हप्ता चुकला की शेजारणींनीच दारात बसायचे; आत्महत्यांच्या वार्ता आल्या आणि ऑक्टोबर 2010 मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. हैदराबादकडील आपल्या आप्तांना ते दिवस आठवत असतील. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशा एका कंपनीचे समभाग रोखेबाजारात आले होते! हिशेब त्यांना पुरेपूर येत होता. तो कोणाच्या बाजूने मांडावयाचा, हे मात्र विसरले गेले.

तेव्हा सद्गृहस्थांच्या शंकेचा अर्धा भाग उभाच राहतो. नफा हा शब्द आम्हांस टोचत नाही. पुजाऱ्यास दक्षिणा व वैद्यास मोबदला देताना आपण सेवा विटाळली असे मानीत नाही, आणि जो उद्योग स्वतःचा खर्च भागवीत नाही तो देणगीदाराच्या लहरीवर जगतो. आमची खरी अडचण निराळी आहे. उद्योगाला चालते हातपाय लागतात. जराजर्जर, अंथरुणास खिळलेले, मती भ्रमलेले, यांचा उद्योग कोण काढणार? हिशेब जमत नाही म्हणून सामाजिक उद्योग त्यांना नकळत वगळतो. त्यांच्यासाठी पंगतीतील पळी हाती धरणारे लागतीलच, आणि त्या पळीस कमी लेखणारी विद्या आम्हांस मान्य नाही.

हे सारे आम्ही त्या मुलीस सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाली, "काका, शिवणयंत्रांची ती वही मला पाहावयास मिळेल का?" आम्ही कपाटातून काढून दिली. वर्गणीदारांची नावे, रकमा, पावत्यांचे क्रमांक, यंत्रांची किंमत, नारळांचा व हारांचा खर्च, सर्व सुवाच्य अक्षरांत होते. तिने पाने पुन्हा एकदा चाळली आणि विचारले, "त्या बाईंना महिन्याला किती मिळाले, ते कोठे लिहिले आहे?"

तो रकाना आम्ही आखलाच नव्हता. वही ती घरी घेऊन गेली आहे.