धुण्याचा भार कोण उचलतं?

या मननासाठी घरातलं एक रोजचं काम समोर घ्यायचं आहे: धुणं. सावकाश वाचा. जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा, चार श्वास जाऊ द्या आणि मग पुढे या.

मनाने बरगीला जाऊन बसू. जबलपूरच्या वरच्या अंगाला नर्मदा इथे अडवली आहे. बांधाची लांबी साडेपाच किलोमीटरच्या आसपास, उंची 69 मीटर. काम 1974 मध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये पुरं झालं. नर्मदा खोऱ्यात आखलेल्या 30 मोठ्या धरणांपैकी आधी उभ्या राहिलेल्यांतलं हे एक. मागे राणी अवंतीबाई लोधी सागर पसरला आहे. पायथ्याच्या वीजघरात 45 मेगावॅटची दोन जनित्रं आहेत. घरात आपण मशीनचं बटण दाबतो तेव्हा पाणी आणि वीज अशाच कुठल्या तरी जागेहून निघालेली असतात. म्हणून धुण्याचा विचार मोरीपासून न करता इथून करू.

थांबा. समोरचं पाणी नुसतं बघा.

आता हात आठवा. आईचे, आजीचे, धुण्याला येणाऱ्या मावशींचे. भिजलेली सुती चादर दगडावरून उचलताना मनगटावर येणारं ओझं आठवा. आपटणं, चोळणं, खळबळणं आणि सर्वांत जड काम म्हणजे पिळणं. एक जण इकडून, एक जण तिकडून, मध्ये चादरीचा पीळ. हिवाळ्यात पाण्याने आखडलेली बोटं, सोड्याने भेगाळलेले तळवे. यातलं काहीच कुठल्या बिलावर आलं नाही. घरात कपडे स्वच्छ होत राहिले आणि त्याची किंमत कुणाच्या तरी सांध्यांनी भरली.

त्या हातांपैकी एका जोडीचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. घाई करू नका.

त्या हातांचं काम यंत्र कसं करतं ते बघू. 1959 मध्ये जर्मनीतल्या हेंकेल कंपनीतले हर्बर्ट सिनर यांनी धुण्याची चार अंगं मांडली: साबण, उष्णता, रगड आणि वेळ. एक कमी केलं तर उरलेल्यांनी ती तूट भरून काढावी लागते. दगडावर आपटताना रगड भरपूर होती, म्हणून गार पाण्यात आणि थोड्या वेळात भागत असे. घरातली आजची फ्रंट लोड मशीन वीज आणि पाणी वाचवण्यासाठी कमी तापवतात, म्हणून त्यांचे काही प्रोग्राम दोन-तीन तास चालतात. लॉन्ड्रीसाठी किंवा अर्ध-व्यावसायिक वापरासाठी बनवलेलं मशीन उलटा मार्ग धरतं. हीटर दणकट, ड्रमची उलटापालट जोरकस, त्यामुळे तेच धुणं तासाभरात किंवा त्याहून लवकर बाहेर येतं. या महाग मशीनमध्ये पहिली गोष्ट विकत मिळते ती वेळ. मात्र त्याला अनेकदा थ्री-फेज जोडणी लागते, पाणी झपाट्याने निघून जाईल असा निचरा लागतो आणि हादरे सोसणारी पक्की जमीन लागते.

दुसरी गोष्ट दिसत नाही. ती ड्रमच्या मागे असते. ड्रम मिनिटाला 1400 फेरे घेतो तेव्हा कडेच्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे 500 पट जोर येतो. कपडे एका बाजूला गोळा होऊन तिथे अर्धा किलो जास्त झालं, तर बेअरिंगवर अडीचशे किलोची ओढ दर फेऱ्याला पडते. म्हणून भारी मशीनचं बेअरिंग मोठं असतं, सांगाडा जाड असतो, स्प्रिंगा आणि शॉकअप मजबूत असतात. बेअरिंगच्या पुढे एक रबरी सील असतं. ते झिजलं की साबणाचं पाणी आत शिरतं, गंज चढतो आणि एक दिवस पिळण्याच्या वेळी घरभर घरघर ऐकू येते. बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये बाहेरचा टब प्लास्टिकचा आणि वितळवून सांधलेला असतो. तो उघडता येत नाही, म्हणून लहानशा बेअरिंगसाठी अख्खा टब बदलावा लागतो. त्याचा खर्च ऐकून बहुतेक घरं नवं मशीन आणतात. टब बोल्टने जोडलेला असेल तर कारागीर तो खोलतो, बेअरिंग आणि सील बदलतो आणि मशीन पुन्हा कामाला लागतं.

टिकाऊपणाचं मोठं रहस्य इथेच आहे. जे खोलता येतं ते टिकतं. डोळे मिटा आणि तुमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे ते आठवा.

आता पैशाकडे येऊ. मनात कुठलीही ओढ न ठेवता आकडे बघा. अमेरिकेत रिपन गावात 1908 पासून चाललेली स्पीड क्वीन कंपनी आपल्या घरगुती मशीनची चाचणी 10,400 धुण्यांसाठी केल्याचं सांगते. 1899 मध्ये सुरू झालेली जर्मनीतली मिले 20 वर्षांच्या वापराची चाचणी सांगते. आपल्याकडे 1974 मध्येच सुरू झालेल्या आयएफबीचा मशीनचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे, आणि ती घरासाठीही बनवते, लॉन्ड्रीसाठीही. हिशेबापुरतं समजा की भारी मशीन दीड लाखाचं आहे आणि साधं फ्रंट लोड तीस हजारांचं.

घरात आठवड्याला चार धुणी निघतात. वर्षाला 208. वीस वर्षांत 4,160. दीड लाखाला त्याने भागलं की एका धुण्यामागे 36 रुपये. साधं मशीन आठच वर्षं चाललं तरी 1,664 धुणी होतात आणि एकामागे 18 रुपये पडतात. म्हणजे चौकोनी कुटुंबाला भारी मशीन वीस वर्षं टिकूनही दुप्पट महाग पडतं. कपडे त्याने दुप्पट स्वच्छ होत नाहीत. जाहिरात काहीही म्हणो, भागाकार हेच सांगतो.

आता दुसरं घर मनात आणा. तिथे वडील अंथरुणाला खिळले आहेत. चादर दिवसातून दोनदा बदलावी लागते, ती गरम पाण्यात धुवावी लागते आणि संध्याकाळच्या आत वाळलेली हवी असते. किंवा नर्मदेच्या काठावरचा एखादा आश्रम घ्या, जिथे रोज परिक्रमावासी मुक्कामाला येतात आणि सकाळी पांघरुणांचा ढीग मागे राहतो. इथे रोज दोन-तीन धुणी निघतात. यंत्र दहा हजार धुणी टिकलं तर दीड लाखाचे एका धुण्यामागे 15 रुपये होतात. रात्री दोन वाजता ओली चादर हातात घेऊन उभी असलेली सून आणि तिची पाठ त्या रकमेत वाचते. त्या घराने हे मशीन घेतलं तर त्याला चैन म्हणू नये.

पुन्हा थांबा. स्वतःला विचारा: माझ्या घरातलं धुणं किती आहे? मनात येणारा मोठेपणा बाजूला ठेवा आणि खरा ढीग बघा.

परिक्रमेला निघालेला माणूस दोन जोड कपड्यांवर नर्मदेची प्रदक्षिणा घालतो. एक अंगावर, एक वाळत. मैयाच्या पाण्यात साबण लावायचा नाही हा नियम अनेक जण पाळतात. आपल्याला तसं जगता येणार नाही, पण त्या दोन जोडांकडे बघितलं की आपल्या ढिगातलं किती धुणं मळलेलं आहे आणि किती नुसतं एकदा अंगावर घातलेलं आहे, हे कळतं. मशीनचं आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हाच, की जे धुवायची गरज नाही ते धुऊ नये.

आता पाण्याकडे परत वळू. फ्रंट लोड मशीन एका धुण्याला साठ लिटर पाणी घेतं असं धरलं तर वर्षाला साडेबारा हजार लिटर होतात. टॉप लोडला त्याच्या दुपटीच्या आसपास लागतं. गरम धुण्यातली बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, ड्रम फिरवायला थोडीच पुरते. बरगीत हे पाणी साठवताना सरकारी अंदाज 101 गावं बुडण्याचा होता. बाधित झाली 162. गोंड आणि इतर शेतकरी कुटुंबांची शेतं, घरं, देवळं आणि घाट गेले. त्या काठांवर पिढ्यान् पिढ्या धुणं झालं होतं, ते दगडही पाण्याखाली आहेत. उठलेल्यांपैकी अनेक जण मजुरीसाठी, रिक्षा ओढण्यासाठी जबलपूरला आले. पाण्याच्या बिलात ही किंमत लिहिलेली नसते, जशी हातांचीही कधी लिहिली गेली नाही.

हे आठवायचं ते अपराधी वाटून घ्यायला नको. आठवणीतून वागणं सुधारावं, एवढंच. मशीन पूर्ण भरून लावा. साधा मळ गार पाण्यात जाऊ द्या आणि उष्णता आजाऱ्याच्या कपड्यांसाठी राखा. विकत घेताना ड्रमचा आवाज ऐकण्याआधी विचारा, की टब खोलता येतो का, दहा वर्षांनी सुटे भाग मिळतील का, आणि तुमच्या गावात हात लावणारा कारागीर आहे का. भारी मशीनला कारागीर नसेल तर त्याची वीस वर्षं कागदावरच राहतात. आणि मशीन आलं म्हणून मावशींच्या पगारातून धुण्याचे पैसे कापू नका. दीड लाखाचं मशीन वीस वर्षांच्या महिन्यांत वाटलं तर महिना 625 रुपये पडतात. यंत्राला एवढं देऊ शकणाऱ्या घराला माणसाचं तेवढं राखणं जड नाही.

शेवटचे चार श्वास घ्या आणि ठरवा. धुण्याचा भार कुणीतरी उचलतंच: हात, यंत्र, नदी किंवा नदीकाठचं गाव. चांगलं यंत्र हातांवरचा भार कमी करतं. तो नदीवर आणि गावावर किती टाकायचा, हे मात्र रोज बटण दाबणारं घर ठरवतं. ज्या घराने स्वतःचा ढीग नीट मोजला आहे, त्याने दीड लाख खर्च केले तरी ते योग्य, आणि तीस हजारांचं मशीन दुरुस्त करून पंधरा वर्षं चालवलं तरी तेही तितकंच योग्य.