प्लॅस्टिकची पाल

मार्च महिन्यात रजा मागणारा बँकेतला कारकून आणि संकष्टीला मटण मागणारा पाहुणा, यांच्याकडे जग सारख्याच नजरेने पाहते. तरीही एका मार्चमध्ये मी पंधरा दिवसांची रजा काढून अमेरिकेला गेलो. भाचीचे लग्न होते. अर्जावर सही करताना साहेबांनी विचारले, ''तारीख पुढे नाही का ढकलता येणार?'' कर्जाचे हप्ते पुढे ढकलून ढकलून माणसाला सवय लागते, त्याला काय करणार!

ताई आणि भावोजी डॅलसला राहतात. लग्न पार पडले, मांडव आवरला आणि सोमवारी रात्री भावोजी म्हणाले, ''मेव्हणेबुवा, उद्या पहाटे चारला उठायचं. बासला जायचंय.''

लग्नाचा खर्च पाहून ते 'आता बास' म्हणताहेत असे मला आधी वाटले. पण बास हा मासा निघाला. गोड्या पाण्यातला, हिरवट रंगाचा, मोठ्या तोंडाचा. त्याचे इंग्रजी नावच मुळी 'लार्जमाउथ' आहे. आमच्या युनियनच्या सेक्रेटरीला शोभले असते.

मी मूळचा कोकणातला. आजोबा खाडीवर गरवायला जात. त्यांची सामग्री म्हणजे एक काठी, दोरा, गळ आणि करवंटीत चार कोलंब्या. मासा मिळाला तर कालवण, नाही मिळाला तर पिठले. त्यामुळे भावोजींचे गॅरेज पाहून मी दाराशीच थबकलो. बोट एक. तिला मागे एक इंजिन, आणि पुढे आवाज न करता सरकायला विजेवर चालणारी दुसरी मोटर. पाण्याखालचे दाखवणारे दोन पडदे. मासा जिवंत ठेवायला बोटीतच बांधलेली, हवा खेळणारी टाकी. दांडे अकरा! मी मोजले; मोजण्याची सवय जात नाही. ''अकरा कशाला? हात दोनच आहेत,'' मी म्हटले. त्यावर ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, ''विचार त्यांना. मी साडी घेतली की हेच वाक्य म्हणतात.''

मग भावोजींनी आमिषांचे डबे उघडले. ही मंडळी कोलंबी लावत नाहीत. सगळे खोटे. खोटे बेडूक, खोटे मासे, पत्र्याची पाती गरगर फिरवणारी खोटी झुंबरे. आणि प्लॅस्टिकची गांडुळे तर किती! 1949च्या सुमारास ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थांनी स्वयंपाकघरात असले गांडूळ ओतून काढले. त्यांच्या घरच्यांनी ते कसे सोसले असेल, याचा विचार मी अजून करतो. आता त्या गांडुळांत मीठ घालतात, कुणी लसणाचा वास देतो. मासा चटकन थुंकून टाकत नाही म्हणे. आमच्या कँटीनवाल्याला हे कुणीतरी सांगायला हवे.

भावोजी एकेक हातात घेऊन समजावू लागले. ''हे गांडूळ भुकेसाठी. टोक प्लॅस्टिकमध्येच लपवायचं, म्हणजे गवतात अडकत नाही. हा फिन्लंडचा मासा. 1936 साली लॉरी रापाला नावाच्या कोळ्यानं पाहिलं, की मोठा मासा शंभरातला नेमका लंगडणारा मासा धरतो. म्हणून हा मुद्दाम लंगडतो. हे झुंबर रागासाठी. पोट भरलेलं असलं तरी नाकासमोरनं सर्रकन गेलं की चिडून तोंड टाकतो.''

मी थक्क झालो. काउंटरच्या मागे वीस वर्षे काढल्यावर हे वर्गीकरण मला पाठ होते! सहा महिन्यांत दामदुप्पट, हे गांडूळ. 'शेजाऱ्याने घेतला, तुम्ही मागे का?' हे झुंबर. अशा आमिषाला लागलेले ग्राहक पाहून मला वाईट वाटते, नाही असे नाही. पण मनाच्या कोपऱ्यात कुणीतरी म्हणतोच, 'तोंड उघडलं कुणी?' मासा हावरा नसता तर गळ रिकामाच लोंबकळला असता. फसवणाऱ्याच्या खाती सत्तर टक्के, फसणाऱ्याच्या खाती तीस, अशी काहीशी नोंद मी करत आलो होतो.

डॅलसच्या पूर्वेला गाडीने दीडेक तासावर लेक फोर्क नावाचे धरण आहे. 1980 साली पाणी अडवले तेव्हा झाडे तशीच ठेवली. ती अजून वाळकी बोटे वर करून उभी आहेत. टेक्सासचा विक्रमी बास, आठ किलोंहून जास्त वजनाचा, 1992 साली इथेच मिळाला. जगाचा विक्रम मात्र जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी यांचा, 1932 सालचा. सुमारे दहा किलोंचा मासा. मंदीचे दिवस. त्यांनी त्याचे वजन नोंदवले, घरी नेला आणि कुटुंबाने तो खाल्ला. हे ऐकताच मला ते आमच्या आळीतले वाटू लागले. पुढे 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी औंसभर जड मासा धरला. पण नियमाप्रमाणे दोन औंस जास्त हवे, म्हणून बरोबरीच धरली. शिवाय खोटे पकडण्याच्या यंत्राची परीक्षा द्यावी लागली ती वेगळीच. ते उत्तीर्ण झाले. आयुष्यभर खोटी आमिषे टाकणाऱ्या मंडळींचा एकमेकांवर विश्वास किती, ते यावरून कळावे. आणि तो नसावा हेच बरे, कारण 2022 साली क्लीव्हलंडजवळ ईरी सरोवरातल्या स्पर्धेत दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे घालून वजन वाढवले होते. ते मासे वॉलाय जातीचे होते, बास नव्हते, पण शिसे शिसेच. दहा दिवस तुरुंगात बसले.

तर मंगळवारी सकाळी आम्ही एका उथळ खाडीत शिरलो. पहिल्या तासाभरात मी दोऱ्याचा असा गुंता केला की तो सोडवताना भावोजींना ताईच्या माहेराबद्दल बरेच काही बोलावे लागले. मग त्यांनी मला काळा चष्मा दिला. ''चकाकी जाते. खाली बघ.''

गुडघाभर पाण्यात तळाशी परातीएवढे एक स्वच्छ वर्तुळ होते, अंगणात सडा घातल्यासारखे. त्यावर एक मासा शेपटी हलवत उभा. ''नर आहे,'' भावोजी कुजबुजले. ''मादी अंडी घालून जाते. राखण हाच करतो. या दिवसांत काही खात नाही फारसा.''

''मग आमिषाला कसा लागणार?''

भावोजींनी डब्यातून सहा इंची, पांढरी, प्लॅस्टिकची पाल काढली. ''ही घरट्यात टाकायची. अंडी खायला आली असं त्याला वाटतं. गिळत नाही तो. तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो. तेवढ्यात ओढायचं.''

मी टाकली. त्याने पाहिले. जवळ आला, मागे गेला. मग अगदी आपण घरातली पाल झाडूने बाहेर काढावी तशी त्याने ती उचलली, आणि भावोजी ओरडले, ''ओढ!'' मी ओढले.

मासा हातात आला. पंधरा इंच. इथे सोळा ते चोवीस इंचांमधला मासा पाण्यात परत सोडावाच लागतो. हा एका इंचाने खाण्याजोगा होता. माझे कोकणी मन तवा तापवू लागले होते. पण भावोजी परत सोडणाऱ्या पंथाचे. रे स्कॉट यांनी 1972 साली बासच्या स्पर्धांतून मासे जिवंत सोडण्याची चाल पाडली, तेव्हापासून धरलेला बास खाणे म्हणजे या लोकांना मित्राकडे जेवून ताट घेऊन जाण्यासारखे वाटते. खाणाऱ्याचे पाप जास्त की गंमत म्हणून गळ टोचून सोडणाऱ्याचे, यावर वाद घालायची माझी तयारी होती. पण मी पाण्यात पाहिले आणि वाद राहून गेला.

घरट्यात पाचसहा चपटे छोटे मासे शिरले होते आणि भराभर टिपत होते.

''ब्लूगिल,'' भावोजी म्हणाले. ''अंडी खातात. राखणदार हलला की टपलेलेच असतात.''

मला आमच्या शाखेतले गुरुजी आठवले. निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या घरातले. पासबुकाला तपकिरी कव्हर घालून आणत. दामदुप्पटवाल्यांना त्यांनी दारातून हाकलले होते, मीच साक्षीदार. एके दिवशी एक लाख ऐंशी हजारांची मुदत ठेव मोडायला आले. ''कशाला हो गुरुजी?'' मी सवयीने विचारले. ''घरगुती आहे,'' म्हणाले. मागे रांग होती. मी सही ताडून पाहिली, पासिंगला पाठवली. पैसे पाठवायचा फॉर्म तर मीच भरून दिला, कारण त्यांचा हात थरथरत होता.

हात थरथरत होता हे मी पाहिले होते, बरं का.

फोन आला होता. 'तुमचा नातू पोलिसांच्या ताब्यात आहे, तासाभरात पैसे भरा, कुणाला सांगू नका.' दुसऱ्या दिवशी ते आले ते हसतच. ''अहो, पोर घरीच होतं! अभ्यास करत होतं!'' तीनदा म्हणाले. पैशांचे त्यांनी नंतर विचारले. मधल्या सुट्टीत आमच्यातला एकजण म्हणाला, ''एवढा शिकलेला माणूस फसतो कसा?'' आणि मी मान डोलावली होती. त्या वेळी मला फक्त दोनच आमिषे ठाऊक होती ना, गांडूळ आणि झुंबर. तिथेही तीस टक्के मी त्यांच्या खाती टाकून मोकळा झालो.

''भावोजी, सोडा त्याला लवकर,'' मी म्हटले.

''फोटो?''

''नको.''

त्यांनी सोडला. तो झाडाच्या बुंध्याखाली गेला. भावोजी म्हणाले, ''फार मनाला लावून घेऊ नकोस. इथले जाणकार सांगतात, तळ्यातल्या एकूण माशांत फरक पडत नाही. अंडी हजारांनी असतात.'' असेलही. वर कॅनडात ऑन्टारिओला बऱ्याच भागांत जूनच्या उत्तरार्धापर्यंत बास धरायला बंदी असते, इथे वर्षभर मुभा. दोन्हीकडे शहाणी माणसेच असणार. पण एकूण ताळेबंद जुळला म्हणून एखाद्या खात्यातली चूक नाहीशी होत नाही, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी पास झालो होतो, दुसऱ्या वर्गात.

''चला पुढे,'' भावोजी म्हणाले.

''थांबा जरा.''

सात मिनिटे गेली. मी घड्याळ लावून बसलो होतो. मग तो बुंध्याखालून आला, त्या चपट्यांना पिटाळले आणि पुन्हा वर्तुळावर उभा राहून शेपटी हलवू लागला. अंडी किती उरली, ते वरून दिसत नव्हते.

भावोजींनी पाल माझ्यापुढे धरली. ''आता चिडलाय. आणखी लवकर उचलेल, बघ.''

मी ती घेतली आणि शर्टाच्या खिशात घातली. दिवसभर ती माझ्या खिशात लसणाचा वास मारत राहिली आणि भावोजी गांडुळांवर भागवत राहिले.

ती पाल मी सामानातून इकडे आणली आणि काउंटरच्या खणात शाईच्या पॅडशेजारी ठेवली. मुदत ठेव मोडायला कुणी वयस्कर आले की आता मी रांग थांबवून विचारतो, ''कुणाचा फोन आला होता का?'' दोघांनी साहेबांकडे तक्रार केली. एका आजींनी मला तुझ्या आईला असं विचारतोस का म्हणून सुनावले. गेल्या महिन्यात आमच्या शिपायाने खण उघडला, किंचाळला आणि झाडू आणून त्या पालीला तीन तडाखे हाणले. तिला काही झाले नाही. पॅड मात्र फुटले.