घेवड्याच्या मुळाशी



श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसला की दुसऱ्या दिवशी अठरावा अध्याय येतो, आणि तो आला की मागे भिंतीला टेकून डुलक्या घेणारी मंडळीही सरसावून बसतात. अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाची ती कथा. भिक्षा मिळाली नाही की दारातल्या घेवड्याच्या शेंगा शिजवून तो घर चालवायचा. श्रीगुरू त्याच्याकडे भिक्षेला आले, तीच भाजी जेवले, आणि जाताना तो वेलच मुळापासून तोडून गेले. बायकोने आकांत मांडला. ब्राह्मणाने तिची समजूत घातली, श्रीगुरूंना बोल लावला नाही. मग राहिलेलं मूळ काढायला जमीन खणली तर खाली धनाचा कुंभ! (आज सापडला असता तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागलं असतं. दहा रुपयांच्या वरचा ठेवा असला की कळवायचा, असा तो कायदा आहे.)

वाचन संपल्यावर ओसरीवर गोष्टी निघतात त्या मात्र त्या कुंभाच्याच. घेवडा कोणाला आठवत नाही. त्यात २०२२ साली चंद्रपूरबरोबर आपल्या सिंधुदुर्गातही सोन्याच्या खाणी असल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हापासून पिवळं चमकणारं काहीही दिसलं की आपला माणूस खाली वाकून बघतो.

आमच्या वाडीत दोन चुलत भावांनी सामाईक जागेत बाव खणायला घेतली. वरचा जांभा संपला, खाली कठीण काळा दगड लागला, त्यात पांढऱ्या गारगोटीचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात पिवळेधमक कण. धाकटा रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आला. "काकानू, ह्या बघा. सोना गावला." संध्याकाळपर्यंत थोरल्याने सातबारा बाहेर काढला होता. तिसऱ्या दिवशी दोन घरांतलं बोलणं बंद. चौथ्या दिवशी बावीला पाणी लागलं. गोडं पाणी, एप्रिल महिन्यात! पण नारळ फोडायला कोणी गेलं नाही, कारण काठावर दोघेही उभे होते ते एकमेकांच्या हातावर नजर ठेवून.

मी धाकट्याला बाजारात एका सोनाराकडे घेऊन गेलो. म्हातारा माणूस, फार बोलत नाही. त्याने आधी भिंग लावून कण पाहिले. फाशासारखे चौकोनी होते. तिथेच त्याने मान हलवली, पण पोराचं समाधान व्हावं म्हणून पुढे चालू ठेवलं. एका कणावर सुई दाबली. सोन्यात सुई रुतते, खळगा पडतो. इथे टोक घसरलं. मग लहान हातोडीने हलकेच ठोकलं. सोनं असतं तर चपटं झालं असतं. त्या कणाचा चुरा झाला. शेवटी त्याने चहाचा चिनी मातीचा कप उलटा केला आणि बुडाच्या खरबरीत कडेवर दगड घासला. सोन्याची रेघ पिवळी उमटते. ही उमटली काळी, हिरवट झाक असलेली. "लोखंड नि गंधक," तो म्हणाला. "ह्या सोना नाय."

धाकटा बाहेर आला आणि पहिला प्रश्न काय केला असेल? "काकानू, दुसऱ्या सोनाराक दाखवूया काय?"

मंडळी, माझं आजचं सगळं सांगणं या एका प्रश्नावर आहे.

दगड ओळखणं अवघड नाही. तांब्याभर, म्हणजे लिटरभर पाणी एक किलो भरतं. तेवढ्याच मापाचं सोनं एकोणीस किलोंच्या वर जातं आणि हा खोटा पिवळा दगड जेमतेम पाच. ओहोळाच्या वाळूत चमकतं ते बहुतेक अभ्रक असतं. ताटलीत पाण्याबरोबर फिरवलं की ते हलकं असल्यामुळे वाहून जातं, सोनं तळाला बसून राहतं. शिवाय सोनं सावलीतही पिवळंच दिसतं. अभ्रक आणि हा दगड हातात फिरवाल तसे लकाकतात आणि विझतात. खऱ्या खाणीत तर पुष्कळदा चमक दिसतच नाही. तुमच्यापैकी जे श्रीपाद श्रीवल्लभांच्या कुरवपूरला जाऊन आले, ते रायचूर जिल्ह्यात उतरले असतील. त्याच जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. तिथे टनभर दगड दळावा तेव्हा काही ग्रॅम सोनं हाताला लागतं. अवघड आहे ते उत्तर ऐकून घेणं.

इंग्लंडात मार्टिन फ्रोबिशर नावाचा दर्यावर्दी होता. १५७६ साली उत्तरेच्या बर्फाळ बेटांवरून त्याच्या लोकांनी एक काळा दगड आणला. पारख्यांनी सोनं नाही म्हटलं. मग आणखी एक पारखी गाठला, तो म्हणाला आहे. आणि लोकांनी त्या एकाचं ऐकलं! १५७८ पर्यंत आणखी दोन सफरी झाल्या, हजार टनांहून जास्त दगड जहाजांत भरून आणला, कित्येकांचे पैसे बुडाले, आणि अखेर तो दगड रस्त्यात घालायच्या कामाला आला.

हसू नका. आपण देवळात कौल लावतो तेव्हा काय करतो? डावा पडला की म्हणतो, गाऱ्हाणं नीट झालं नाही, पुन्हा लावा. पुन्हा डावा पडला की दुसऱ्या गावच्या देवाकडे. पत्रिका एका ज्योतिषाला पटली नाही की दुसऱ्याकडे, आणि मग कुठलातरी बुवा भेटतो जो पहिल्याच भेटीत होय म्हणतो. तोच मग आपला गुरू! दत्तसंप्रदाय ज्या टेंब्येस्वामींच्या माणगावाने उजळला त्या माणगावाच्या जिल्ह्यात राहून आपण हे करतो, म्हणून मला जास्त लागतं. आपल्याला पारखी नको असतो, साक्षीदार हवा असतो.

आता पुन्हा अमरापूरला चला. वेल तुटला तेव्हा कुंभ दिसत नव्हता. ब्राह्मणाला ठाऊक होतं एवढंच, की उद्याची भाजी गेली. घाव पडला तो त्या क्षणी. तिथे त्याचा चुरा झाला नाही. 'हे संन्यासी खरे नव्हेत, दुसरे बघू' असं तो म्हणाला नाही. धन नंतर मिळालं, आणि ते मिळाल्यावरही श्रीगुरूंनी बजावलं की कोणाला सांगू नकोस. आम्ही नेमकं तेवढंच ओसरीवर मोठ्याने सांगत बसतो.

एक गोष्ट मात्र दगडाच्या बाजूने सांगितली पाहिजे. याच जातीच्या दगडांना आयुर्वेदात माक्षिक म्हणतात. सुवर्णमाक्षिकात तांबंही असतं; वैद्य ते शुद्ध करून त्याचं भस्म करतात. माक्षिक म्हणून तो दगड खराच आहे. मी सोनं आहे असं तो कधी म्हणाला नव्हता, म्हणालो आपण.

धाकट्याने तो दगड फेकला नाही, खिडकीत ठेवला आहे. दोन पावसाळ्यांच्या दमट, खाऱ्या हवेत त्याला गंज चढला आणि खिडकीच्या फळीवर तपकिरी डाग पडला. बावीवर आता दोन पंप आहेत, दोन मीटर आहेत. भाऊ कामापुरतं बोलतात. नारळ अजून फोडायचा राहिला आहे. या दत्तजयंतीला, पाळणा झाल्यावर, मी दोघांनाही घेऊन बावीवर जाणार आहे. नारळ मीच नेणार.